मारीचं पान

लोरेनचं काचेचं भांडं परत करायचं होतं, एवढंच काम. पण भांडं रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून शैलजाकाकूंनी त्यात थोडी खीर घातली. खीर नेली की दोन मिनिटं बसावं लागतं, आणि बसलं की त्या घरात काय चाललंय ते आपोआप कळतं. श्रीरंगकाका ह्याला चोंबडेपणा म्हणत, काकू शेजारधर्म म्हणत. न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीतल्या त्या गल्लीत कुणाकडे कसलं पार्सल आलं ते उघडणाऱ्याच्या आधी काकूंना ठाऊक असायचं.

काकूंचं शिक्षण बारावीपर्यंतचं, इंग्रजी कामापुरतं. पण शेजारची लोरेन त्यांच्याशी इतकं सावकाश बोलायची, की काकूंच्या कानात ते मराठी होऊनच उतरायचं. सत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. घर विकलं होतं. शनिवारी ती वृद्धांच्या होममध्ये राहायला जाणार होती.

"खाली ये, शायला," बेसमेंटमधून तिची हाक आली. 'शैलजा' तिला कधी जमलंच नाही.

बेसमेंटमध्ये ओल धरली होती. हवेतली ओल शोषणारं यंत्र कोपऱ्यात एका लयीत घुरघुरत होतं. जुन्या कागदाचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. लोरेन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून छोटी छोटी कार्डं काढून, पत्ते मांडावेत तशी टेबलावर मांडत होती. प्रत्येकावर एक फोटो, एक नाव आणि भोवती काळी किनार.

"हे आमचे बेल्जियमचे लोक," ती म्हणाली. "तिकडे माणूस गेलं की चर्चमध्ये त्याच्या नावाचं असं कार्ड वाटतात. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायचं. दिसलं की त्याच्यासाठी देवाशी दोन शब्द बोलायचे."

"आमच्याकडे फोटोला हार घालतात. बोलायचं मात्र राहूनच जातं बघ."

लोरेन हसली. एकेका कार्डावर बोट ठेवत म्हणाली, "पणजोबा याकोब. पणजी क्लारा. आजोबा ऑगुस्त. त्यांचे भाऊ, एमिल आणि यूल." मग तिचं बोट टेबलाच्या मोकळ्या जागेवर येऊन थांबलं. "आणि इथं मारी. आजोबांची धाकटी बहीण. तिचं कार्डच नाही."

तिनं एक फोटो पुढे केला. अँटवर्पचं बंदर, मागे बोट, आणि ओळीत उभी सहा माणसं. पुढे सात-आठ वर्षांची मुलगी, केसांत भली मोठी रिबन. क्लाराचा हात तिच्या खांद्यावर.

"निघताना बोटीच्या कागदांत सहा नावं आहेत. न्यूयॉर्कला उतरताना पाच. वाटेत कुणी गेल्याची नोंद नाही, आजारी पडल्याची नाही. लहानपणी मी आजोबांना विचारलं, तर ते जेवण टाकून बाहेर निघून गेले."

"अगंबाई... हरवली असेल गं, गर्दीत."

"हरवली, का सोडली?" लोरेनचा आवाज अगदी बारीक झाला. "मला तेवढं कळू दे, शायला. शनिवारनंतर हा डबा उघडणारं कुणी नाही. माझ्यामागे त्या पोरीचं नाव घेणारंसुद्धा कुणी नाही."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "उद्या आमची सर्वपित्री अमावास्या," त्या म्हणाल्या. "ज्याची तिथी ठाऊक नाही त्यालाही उद्या जेवायला मिळतं. मी वाढते तुझ्या लोकांची पानं."

"ते बीफ खाणारे लोक आहेत, शायला!"

"एक दिवस कारलं खातील. काय होतंय!"

दुसऱ्या दिवशी आभाळ असं भरून आलं की भर दुपारी घरात दिवे लावावे लागले. काकूंनी सासू-सासऱ्यांची पानं मागच्या लाकडी डेकवर ठेवली. कुंपणावरचे कावळे झेपावले आणि बघता बघता पानं साफ झाली. मग काकूंनी ती उचलून आणखी सहा पानं आणून मांडली. खीर, वडे, भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी.

ऑफिसच्या दोन कॉलच्या मधे चहासाठी खाली आलेले श्रीरंगकाका दारातच थबकले. "अगं, ही पंगत कुणाची? गल्लीच्या असोसिएशनचं तक्रारीचं पत्र येईल आता."

"लोरेनचे पूर्वज आहेत."

"बेल्जियमचे? व्हिसा कुठला त्यांचा?"

"तुम्ही वर जा बघू!"

काकूंनी प्रत्येक पानाभोवती पाणी फिरवलं आणि एकेक नाव घेतलं. याकोब. क्लारा. ऑगुस्त. एमिल. यूल. शेवटी, थोडं थांबून... मारी.

कावळे हलले नाहीत.

आत्ता दोन पानं फस्त करणारे तेच कावळे, कुंपणावर ओळीनं बसून राहिले. काव नाही, पंखाची फडफड नाही. कुणाच्या तरी अंगणात झाडांची गळलेली पानं उडवायचं मशीन चालू होतं, तेही बंद पडलं. वारा पडला. आणि मग तो वास आला. खारा, डांबराचा, भिजलेल्या लोकरीचा... समुद्र तिथून कितीतरी लांब, पण बोटीच्या धक्क्यावर उभं राहावं तसा वास.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो, हे काकूंना लहानपणापासून ठाऊक. सासऱ्यांच्या दहाव्याला असंच झालं होतं. दिरांनी पुढे होऊन म्हटलं, 'धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी नको,' आणि कावळा उतरला होता. शब्द दिला की मोकळे होतात. पण असा शब्द आपल्या माणसांना द्यायचा असतो. परक्यांना दिला तर काय होतं, हे काकूंना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि हात जोडले. "याकोबराव, क्लाराबाई, पोरीत जीव अडकला असेल तुमचा. आता घोर लावून घेऊ नका. जेवा. तिचं... तिचं मी बघते."

शब्द तोंडातून पडायचा अवकाश, सगळे कावळे एकदम उतरले. पाच पानांवर. भुकेल्यासारखे नाही, घाईत असल्यासारखे. पाचही पानं पुसल्यासारखी स्वच्छ केली आणि एका झेपेत उडून गेले. सहाव्या पानाकडे एकानंही पाहिलं नाही.

तेवढ्यात काकूंच्या उजव्या हाताची बोटं गार पडली. कुणीतरी ओल्या मुठीत धरावीत तशी...

त्या तशाच लोरेनकडे धावल्या. लोरेन खोकी बांधत होती. गुणगुणत होती! इतक्या वर्षांत काकूंनी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"लोरेन, मारीच्या पानाला कावळा..."

"कोण मारी?"

काकूंना वाटलं, आपलं इंग्रजी चुकलं. "मारी गं. तुझ्या आजोबांची बहीण."

"आजोबांना बहीण नव्हती, शायला. तिघे भाऊच. सगळ्यांची कार्डं मिळाली मला. पाच निघाले, पाच उतरले." तिचा चेहरा कसा तुकतुकीत दिसत होता. "आता मी शांतपणे जाते."

टेबलावर फोटो होता. पाच माणसं. क्लाराचा हात मात्र तसाच पुढे आलेला, अधांतरी, बोटं किंचित वाकलेली. हाताखाली नुसतं बंदर.

"हिचा हात असा का गं?"

"त्या काळी फोटोला फार वेळ उभं राहावं लागायचं. अवघडला असेल."

काकूंना काही उमगेना. काल बेसमेंटमध्ये रडवेली झाली होती ती हीच बाई ना? का आपल्यालाच भास झाला? घरी येऊन त्यांनी काकांना विचारलं, "अहो, मी किती पानं मांडली होती?" काका म्हणाले, "मी कुठं मोजली?" डेकवर आता पाचच पानं होती. सहावं आत, डायनिंग टेबलावर. खीर संपलेली. कारल्याच्या फोडी एकेक करून कडेला सारलेल्या. खुर्ची थोडी मागे सरकवलेली, आणि खुर्चीखाली पाणी ठिबकलेलं.

शनिवारी लोरेन निघाली. गाडीत बसण्याआधी तिनं काकूंना मिठी मारली. काकू तिच्या कानाशी पुटपुटल्या, "लोरेन, तुझं एक... तुझं कुणीतरी माझ्याकडे राहिलंय."

"काही राहिलं असेल तर ठेव तुलाच," लोरेन हसत म्हणाली, गाडीत बसली आणि तिनं काच वर केली.

सोमवारी सकाळी काकू चहा घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. वळणावरून पिवळी स्कूल बस आली. त्यांच्या दारात ती थांबायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या मुलाला, ईशानला, दूर बॉथेलला नोकरी लागूनसुद्धा कितीतरी वर्षं झाली होती. पण बस थांबली. लाल दिवे लुकलुकू लागले, मागच्या गाड्या मुकाट उभ्या राहिल्या, दार उघडलं. ड्रायव्हरबाई थोडा वेळ खाली पायरीकडे बघत राहिली. मग तिनं मान वर करून खिडकीतल्या काकूंना हात केला, रोजची ओळख असल्यासारखा. दार मिटलं. बस गेली.

"अहो..." काकूंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "बस... आपल्या दारात... कशाला..."

श्रीरंगकाकांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"आज परत डबा विसरली वाटतं," ते म्हणाले. "तू नेऊन देतेस, का मी जाऊ?"