राघोचं पहिलं सूप

प्रणय, शेकोटीत लाकूड सार, आणि मधेमधे बोलू नको. ही ऐकीव गोष्ट नाय. टोकावड्याजवळचा मंगळू माझा जोडीदार, त्याच्यावर गुदरलेली आहे.

दोन हजार चार साल, कार्तिकातली अवस. आभाळ भरून आलेलं आणि भाताची रास खळ्यावर उघडी. म्हणून मंगळू टोकावड्याहून ताडपत्री घेऊन अंधारात पायी खळ्याकडं निघाला.

आदल्या वर्षीच त्याचा थोरला भाऊ राघो गेला होता. ताराबाईनं, त्यांच्या आईनं, स्वतःची किडनी देऊन त्याला वाचवलेला. अंगानं ती किडनी हाकलू नये म्हणून गोळ्या देतात. पण त्या अंगातली राखणच झोपवतात. डॉक्टरांनी बजावलेलं, धुळीत जायचं नाय. आईनं जुन्या निळ्या लुगड्याचा मास्क शिवून दिला.

पण मळणी झाली की भाताचं पहिलं सूप थोरल्यानं वारवायचं, ही घरची रीत. त्या साली भात भिजून पेंढ्याला बुरशी धरलेली. राघो मास्क बांधून खळ्यात उभा राहिला तशी माणसं हसली. मंगळूला लाज वाटली.

"दादा, तोंड बांधून लक्षुमीपुढं उभा राहतोस? काढ ते!"

आणि स्वतःच्या हातानं ओढून काढला. राघोनं सूप उचललं.

मग ताप, मग खोकला. फुप्फुसात बुरशी गेली, डॉक्टर म्हणाले. माणूस राहिला नाय. आई विचारी, "मास्क बांधलेला ना रे?" मंगळू म्हणे, "हो." ते 'हो' त्याला गिळता येईना, थुंकता येईना. वर्षभर पोरगा पार खंगला.

तर... तो खळ्याजवळ पोचला. वारा नव्हता. तरी सुपाचा आवाज.

सळ... सळ...

मग खोकला. ओळखीचा.

"दादा?"

आवाज थांबला.

धूळ उठली. नाकात. तोंडात. श्वास अडकला. मंगळू गुडघ्यावर आला.

"दादा... मी काढला... मीच..."

मागं कुणीतरी उभं. थंड बोटं. कानाजवळ...

पुढचं त्याला आठवत नाय.

सकाळी ताराबाई चहा घेऊन आली. राशीवर ताडपत्री नीट अंथरलेली. तिला टेकून मंगळू झोपलेला. तोंडावर निळा मास्क, मागं घट्ट गाठ.

म्हातारीच्या हातातला पेला पडला.

"मंगळू... ह्यो तर मी राघोच्या संगती तिरडीवर धाडला व्हता. जळाया..."