सहाशे बारा कोबी

सकाळी नऊला ठिपकाने टीमची सामायिक फाइल उघडली आणि तिला कोबी दिसला.

एक नव्हे. दंतवैद्याच्या ॲपसाठी तिने रंगवलेला प्रत्येक दात कोबी झाला होता. सहाशे बारा दात, सहाशे बारा कोबी. बाराला गिऱ्हाईक बघणार होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "हे काय पेरलंयस?"

"मी नाही, साहेब."

"बदलांच्या नोंदीत तुझंच नाव आहे. पहाटे पाच ते आठ, सहाशे तेरा बदल. बारापर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर नोकरी गेली समज."

नोंदीतल्या नावाला तसा अर्थ नव्हता. सगळ्यांचे पासवर्ड एकाच तक्त्यात होते. "आपण एक कुटुंब आहोत," हा साहेबांचा हट्ट. कुटुंबातल्या कोणीतरी तिचा गळा कापला होता.

"काय गं?" आईने दारातून विचारलं.

"माझ्या नावावर कोणीतरी कोबी खपवलाय."

"सोडू नकोस मेल्याला."

ठिपकाने फाइल डोळ्यांजवळ आणली. दोन कोबींमध्ये बरोब्बर आठ पिक्सेल. सगळीकडे. तिच्या हातून तर जन्मात दोन वस्तू एका रेषेत आल्या नव्हत्या. मग तिने नोंदीची शेवटची ओळ वाचली आणि शांतपणे दात ओठ खाल्ले.

अकराला कॉल लागला. साहेब, ॲपमधले शब्द लिहिणारा मजकूर, आणि बटणं मापात बसवणारा फुटपट्टी. चौघं चार घरांत, फाइल एक. फाइलीत प्रत्येकाच्या माऊसचा बाण, बाणावर नाव.

"मजकूर, पहाटे कुठे होतास?" ठिपकाने विचारलं.

"झोपेत. बायको साक्षीला आहे. घोरतो म्हणून तिने उशी हाणली."

"आणि फुटपट्टी, तू?"

"व्यायाम."

"कसला?"

"मानेचा."

"तीन तास? जिराफ आहेस का?"

बोलता बोलता तिने एक कोबी किंचित तिरका केला. मजकुराचा बाण ढिम्म. साहेबांना आपला बाण कुठला हेच माहीत नव्हतं. तीन सेकंदांत फुटपट्टीचा बाण धावत आला आणि कोबी सरळ करून गेला.



"साहेब, सगळ्यांना कोबी काढायचाय. याला तो सरळ हवाय," ठिपका म्हणाली. "नासधूससुद्धा याने मापात केली. दात सहाशे बारा, बदल सहाशे तेरा. सहाशे तेरावा बदल बटणाचा आहे. अकरा महिन्यांपूर्वी पहिल्या पानावरचं याचं बटण मी दोन पिक्सेल डावीकडे घेतलं होतं. आज पहाटे ते दोन पिक्सेल उजवीकडे गेलंय. माझ्या नावाने."

फुटपट्टीचा चेहरा लालबुंद झाला. "न विचारता सरकवलंस! आणि गिऱ्हाईक म्हणालं, आता छान दिसतंय! अकरा महिने झोपलो नाही मी!"

"म्हणून माझी नोकरी घेणार होतास?"

"हो," तो म्हणाला. "हिशेब चोख हवा."

साहेबांनी घसा खाकरला. "ठिपका, माझं चुकलंच. जुनी प्रत परत आण. आणि याला फाइलीतून हाकल."

तिने दात परत आणले. मग फुटपट्टीचा बदल करण्याचा अधिकार काढून घेतला. बघण्याचा मात्र ठेवला.

आणि त्याच्या डोळ्यांदेखत, एकेक पिक्सेल, अगदी सावकाश, ते बटण आणखी डावीकडे न्यायला लागली.