सातपुते गोल फिरतात

सातपुते डोंगरमाथ्यावर वेळेत पोचले, आबा पोटभर जेवले आणि नीरूला नकाशातल्या तपकिरी रेषा जन्मभरासाठी समजल्या.

आता हे वाक्य विसरून जा. असं अजून काहीही घडलेलं नाही. साल २०६१ आहे, रविवारची दुपार आहे, आबा उपाशी आहेत आणि सातपुते खडकोबाच्या डोंगराभोवती गोल गोल फिरत आहेत.

सातपुते म्हणजे डबा पोचवणारा यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव ‘डबासेवक क्रमांक सात’ होतं, पण आंबेतळे गावात असल्या नावाने कुणी हाक मारत नाही. नीरजा ढमढेरे, म्हणजे आठवीतली नीरू, त्याला सातपुतेकाका म्हणायची. तिचे आबा हवामानशास्त्रज्ञ होते. डोंगराच्या माथ्यावरच्या वेधशाळेत राहून ते ढगांवर लक्ष ठेवायचे, आणि ढग आबांच्या जेवणाच्या वेळेवर.

एरवी सातपुते उपग्रहाला विचारून चालायचे. पण उपग्रहांना रविवारी साप्ताहिक सुट्टी असते. म्हणून रविवारी कागदी नकाशा. आणि कागदी नकाशा कसा वाचायचा, हे सातपुत्यांना नीरूने शिकवलं होतं. गोष्टीतली सगळी गडबड इथेच आहे.

मागचे दोन रविवार डबा पोचलाच नव्हता. आज तिसऱ्यांदा तो परत आला, तर कंपनीच्या नियमाप्रमाणे सातपुत्यांना वितळवून त्यांचे शाळेसाठी बाक करणार होते. नीरूला एरवीही बाकावर बसायला फारसं आवडत नसे. सातपुतेकाकांवर बसणं तर तिला मुळीच शक्य नव्हतं.

पायथ्याशी घराच्या ओट्यावर नकाशाची दुसरी प्रत पसरून तिने वायरलेस उचलला. शेजारी भूगोलाचं पुस्तकही उघडं होतं. परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती.

“सातपुतेकाका, कुठे आहात?”

“पाण्याच्या टाकीपाशी, नीरूताई. चौथ्यांदा. आता टाकी मला ओळखायला लागली आहे.”

“उंची किती दिसतेय?”

सातपुत्यांच्या छातीवर उंचीमापक (हवेच्या दाबावरून उंची सांगणारं यंत्र) होतं. “सहाशे चाळीस मीटर. निघालो तेव्हा सहाशे चाळीस. मधेही सहाशे चाळीस. इतका सातत्याने न चढणारा चढ मी आजवर पाहिलेला नाही.”

“पण तुम्ही तपकिरी रस्त्यानेच जाताय ना?”

“पायाखाली रस्ता दिसत नाही. नकाशात मात्र आहे, म्हणून विश्वास ठेवून चालतोय.”

तेवढ्यात वायरलेसवर तिसरा आवाज आला. “कसला तपकिरी रस्ता?”

हे आबा होते. नीरूने जीभ चावली. चाचणी परीक्षेतही तिने हेच लिहिलं होतं: ‘या डोंगरावर भरपूर रस्ते आहेत, पण ते कुठेच जात नाहीत.’ बाईंनी शून्य देऊन शेजारी ‘निरीक्षण चांगले’ असा शेरा मारला होता.

“आबा, तुम्ही रागावलात?”

“छे. मी उपाशी आहे, पण विज्ञानाच्या बाजूने आहे. नकाशा हातात आल्यावर आधी काय बघायचं असतं?”

“आपलं घर.”

“त्याच्याही आधी. दिशा, प्रमाण आणि सूची (नकाशातल्या खुणांचे अर्थ सांगणारा तक्ता). सूची वाचलीस का?”

“ती कोपऱ्यात असते, आबा.”

“मग वाचायला कोपऱ्यात जा.”

नीरूने कोपरा वाचला. तिथे तपकिरी रेषेसमोर स्वच्छ छापलं होतं: समोच्च रेषा (समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणं जोडणारी रेषा).

“म्हणजे सहाशे चाळीसच्या रेषेवरून चालत राहिलं, तर माणूस कायम सहाशे चाळीसवरच राहणार?”

“यंत्रमानवसुद्धा,” सातपुते नम्रपणे म्हणाले. “शिवाय रेषा डोंगराला वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळते. मी प्रयोगाने सिद्ध केलं आहे. बॅटरी वीस टक्के.”

“काका, माझ्यामुळे झालं हो हे सगळं.”

“तुम्ही एकट्याच माझी शिकवणी घेत होता, नीरूताई. बाकीचे फक्त डबा देतात.”

हे ऐकून नीरूला रडू येणार होतं, पण आबांनी तेवढा वेळ दिला नाही. “मूठ वळ. तळवा खाली करून ओट्यावर ठेव. आता पेनाने मुठीवर आडव्या रेषा काढ. ओट्यापासून एक बोट उंचीवर एक, दोन बोटं उंचीवर दुसरी, अशा. प्रत्येक रेषा मुठीभोवती फिरू दे. झालं? आता बरोबर वरून बघ, ढगासारखी.”

नीरूने ढगासारखं बघितलं. बोटांच्या बाजूला मूठ एकदम खाली उतरत होती. तिथे रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसत होत्या. मनगटाकडे हात हळूहळू उतरत होता. तिथे त्या एकमेकींपासून लांब लांब होत्या.

“रेषा जवळ, तर चढ तीव्र. रेषा दूर, तर चढ सौम्य!” ती ओरडली. मग तिने नकाशा बघितला. टाकीच्या वर, डोंगराच्या पूर्व बाजूला, रेषा इतक्या दाटल्या होत्या की तिथे सरळ कडा होता. पश्चिमेला मात्र त्या ऐसपैस पसरल्या होत्या.

“आबा, पश्चिमेकडून चढायचं ना?”

“मला खिडकीतून फक्त ढग दिसतात. नकाशा तुझ्याकडे आहे. तूच सांग.”

नीरूने दोरा घेतला, टाकीपासून पश्चिमेपर्यंतच्या रेषेवर ठेवला आणि पट्टीवर मोजला. पाच सेंटीमीटर. नकाशाचं प्रमाण (नकाशातलं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांचं नातं) होतं एक सेंटीमीटरला दोनशे मीटर. म्हणजे एक किलोमीटर. तेवढं सपाट चालायला सातपुत्यांना सहा टक्के बॅटरी लागायची. मग माथा सातशे साठवर, रेषा दर वीस मीटरला, म्हणजे चढायच्या सहा रेषा. एक रेषा चढायला दोन टक्के. एकूण बारा.

“अठरा टक्के लागतील, काका. दोन उरतील. त्याच रेषेवरून उत्तरेकडून अर्धी फेरी मारा.”

“पुन्हा तीच रेषा?”

“या वेळी मुद्दाम.”

सातपुते निघाले. सपाटीवरून चालत ते पश्चिमेला पोचले आणि वळून चढू लागले. सहाशे साठ. सहाशे ऐंशी. नीरू प्रत्येक आकड्याला नकाशावर बोट पुढे सरकवत होती. सातशे. सातशे वीस. सातशे चाळीस.

“नीरूताई, समोर खडक उभा आहे. माझे गुडघे एवढे वाकत नाहीत. बॅटरी चार.”

तिने नकाशावर नाक टेकवलं. खरंच, शेवटच्या दोन रेषा तिथे चिकटल्या होत्या. पण थोडं दक्षिणेला, म्हणजे सातपुत्यांच्या उजवीकडे, त्या पुन्हा सुट्या होत होत्या. किती थोडं? अर्धा सेंटीमीटर. शंभर मीटर.

“उजवीकडे शंभर मीटर जा. वर नाही, खाली नाही. मग चढा.”

“खात्री आहे?”

नीरूने मुठीवरच्या रेषा पाहिल्या, नकाशा पाहिला, आणि सूचीसुद्धा पाहिली. “आहे.”

नीरूने बोट सातशे साठच्या रेषेवर नेऊन ठेवलं. मग वायरलेसवर दार वाजल्याचा आवाज आला.

“ढमढेरे, तुमचा डबा,” सातपुते म्हणाले. “बॅटरी एक टक्का. आमटी थोडी सांडली आहे, पण उरलेली समुद्रसपाटीपासून सातशे साठ मीटरवर आहे.”

“नीरू,” आबा तोंडात घास घेऊन म्हणाले, “आज मला भेंडीसुद्धा आवडली. यापेक्षा मोठं कौतुक मला करता येत नाही.”

आबांनी सातपुत्यांना वेधशाळेच्या सौरपट्टीला जोडलं. कंपनीला ‘डबा मिळाला’ असं कळवलं. बाक दुसऱ्या कशाचे तरी झाले. ‘आता नदीच्या खोऱ्याच्या रेषाही शिकू, पुढे मंगळावरही डबे न्यावे लागतील,’ असं सातपुत्यांनी सुचवलं, आणि नीरूने पुस्तक पुढे ओढलं. मग वर्गातल्या इतर मुलांनाही हे कळायला हवं, असं दोघांचं एकमत झालं. संध्याकाळी त्यांनी शाळेला अर्ज पाठवला:

‘प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: खडकोबाचा डोंगर परीक्षेच्या वेळेत शाळेच्या मैदानात आणून मिळण्याबाबत. महोदया, उद्या सकाळी अकरा ते एक या वेळेत सदर डोंगर, पश्चिमेची बाजू वर्गखोल्यांकडे करून, मैदानात ठेवण्यात यावा, जेणेकरून मागे बसणाऱ्यांनाही सौम्य चढ दिसेल. डोंगर हलवताना आवाज करू नये. माथ्यावरील शास्त्रज्ञ जेवून झोपले आहेत. पेपर संपताच डोंगर पुसून जागच्या जागी ठेवण्यात येईल. उंची एखादा मीटर कमी भरल्यास अर्जदार भरून देतील. तरी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’