शेडमागची सायडिंग

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्या. सातवीतच शाळा सुटली. रेल्वेची छोटी मॉडेलं बनवतो, तेवढंच जमतं.

एका निवृत्त स्टेशनमास्तरांना दिवाणखान्यासाठी आपलं जुनं स्टेशन हवं होतं, सहा फूट बाय दीड फुटाच्या फळीवर. एवढ्या जागेत खरं वाटायला हवं, तर काय गाळायचं ते कळावं लागतं.

माझे बाबा तिथेच सांधेवाले होते, रुळांचा सांधा बदलून गाडी वळवणारे. सुटून आलेला डबा त्यांनी शेडमागच्या सायडिंगकडे, डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाकडे, वळवला, तो उलटला, त्याखाली ते गेले. ह्याच स्टेशनमास्तर साहेबांनी अहवालात लिहिलं, सायडिंग मोकळी होती, सांधा अर्धवट लावला म्हणून डबा घसरला. आईला लोक अजून चुकार सांधेवाल्याची बायको म्हणतात. तरी काम नाकारायची माझी हिंमत झाली नाही.

नकाशा पाहून साहेब म्हणाले, "शेडमागची सायडिंग काढ. उगाच जागा खाते."

मी "बरं" म्हणालो.

दुपारी रूळ ठोकून झाले. एक सुटा मालडबा ठेवला. फळी इतकी सपाट, की पाण्याचा थेंब ओघळला नसता. तरी डबा चालू लागला... सावकाश. गाळलेली सायडिंग जिथे फुटायची, नेमका तिथे थांबला. तीनदा मागे ठेवला, तीनदा तिथेच. खोलीत रॉकेलचा वास भरला.

आई दारात आली. "कंदील कुणी लावला रे?"

"कुणीच नाही."

"मग हा वास... ह्यांच्या कंदिलाचा..."

मला राग आला. रूळ उखडले, सायडिंग घातली, सांधा तिकडे वळवला. "जा बाबा."

डबा वळला, आत शिरला आणि अर्ध्यातच ठक्‌ करून थांबला. पुढे रूळ रिकामा. बोटाने ढकलला, हलेना.

आई हळूच म्हणाली, "सांधा बरोबर होता त्यांचा. तिथे काहीतरी उभं होतं."

"सायडिंग मोकळी ठेवायचं काम कुणाचं?"

"साहेबांचं."

सकाळी फळी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली, डबा पुन्हा सुरुवातीच्या रुळावर लावला.

"ही काढ म्हणालो होतो ना?"

"नाही काढणार." मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो. "सायडिंग मोकळी होती ना, साहेब? मग ढकला डबा. शेवटपर्यंत जाऊ दे."

साहेबांनी हात खिशातून काढले नाहीत.

मी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

डबा आपोआप हलला, सायडिंगमध्ये शिरला आणि अर्ध्यातच, त्याच जागी, ठक्‌ करून थांबला.