इथे चालायला नको होतं

औषधाचं दुकान तसं कोपऱ्यावरच आहे, पण त्या रविवारी ते बंद होतं, म्हणून मी पुढच्या चौकापर्यंत चालत गेलो. सुनेला घशाच्या गोळ्या हव्या होत्या. मधाच्या आणा, लिंबाच्या नकोत, असं तिने बजावलं होतं. लिंबाने घसा खरवडतो आणि मग आवाज नीट उमटत नाही. दुपारची वेळ होती. ऊन ओढलेल्या पडद्यांवर नुसतं पडून राहिलं होतं. गोळ्या घेऊन परत आलो, चपला दाराशी काढल्या आणि मागच्या खोलीचं दार हळूच लोटलं. सुरुवात इतकीच. यात भिण्यासारखं काही नव्हतं.

दिवा राहू द्या तसाच. सांगतो.

सुनेच्या घशात गाठ निघाली होती. मंगळवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. जीव वाचेल, आवाज जाईल, म्हणाले. माझा मुलगा ज्या कंपनीत कामाला आहे, तिथे अशाच लोकांसाठी डबे बनवतात. हातात मावेल एवढा डबा. त्याच्या काचेवर बोटाने लिहायचं आणि डबा बोलतो. माणसाचा आवाज आधी भरून घेतलेला असेल, तर त्याच्याच आवाजात बोलतो. म्हणून सून रोज मागच्या खोलीत दारावर जाड रजई टांगून बसायची आणि वाक्यं वाचायची. मला तहान लागली आहे. तुम्ही लवकर आलात. मला राग आला आहे. हे शेवटचं वाक्य तिला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं, कारण त्यात राग येतच नव्हता. हसणंही भरायचं होतं. ते जमेना, तेव्हा मुलाने मला आत बोलावलं. मी शिंपी माणूस. एका गिऱ्हाइकाने आरशात बघून कोटाऐवजी पोटालाच नावं ठेवली होती, तो किस्सा सांगितला. ती हसली. ते हसू आता त्या डब्यात आहे.

ती खोली आमच्या हिची. माझी बायको तिथेच अंथरुणाला खिळली होती, तिथेच गेली. अर्धांगाने तिची वाचा गेली आणि एक बोट तेवढं शाबूत राहिलं. तेव्हा मुलाने आईसाठी डबा बनवला होता. आवाज जुन्या कॅसेटींमधून काढला, कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या साखरपुड्याच्या. मेल्या माणसाचं वाईट बोलू नये, पण खरं ते खरं. त्या एका बोटाने तिला काहीही मागता आलं असतं. ती सुनेला टोमणे मारायची. महाराणींची झोप झाली का. हात आहेत की लाकडं. सून तिचं सगळं करायची, गू-मूतसुद्धा, आणि कधी उलट बोलली नाही. आम्हाला वाटायचं, जाताना तरी चार शब्द गोड बोलेल. तिचं शेवटचं वाक्य होतं, पंखा बंद कर.

तर मी गोळ्या घेऊन आत गेलो. खोलीत अजून तिच्या मलमाचा वास येतो, भिंतीला रंग दिला तरी. मुलगा संगणकापुढे घाम पुसत बसला होता. मंगळवारच्या आत डबा तयार व्हायला हवा होता आणि कंपनीने मधल्या काळात डब्याच्या आतली चिप बदलली होती. जुना डबा आता मिळत नाही, जुनं सामान नव्याला चालत नाही. साहेबांनी सांगितलं, तुझ्या घरचं काम आहे, तुझ्या वेळात कर. आईच्या वेळी याच साहेबांनी त्याचा फोटो काढून कंपनीच्या भिंतीवर लावला होता.

त्याचं काम मला कसं समजलं तेवढं सांगतो. या मोठ्या संगणकावर बसून त्या छोट्या डब्यासाठी प्रोग्रॅम घडवायचा. त्याला ते क्रॉस-कम्पाइल म्हणतात, माझ्या तोंडात तो शब्द नीट बसत नाही. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखंच. मशीन माझी, माप दुसऱ्याचं, आणि तो माणूस दुकानात नाही. तो म्हणाला, अगदी तसंच बाबा, आणि तो कपडा तुम्हाला घालता येता कामा नये. डब्यासाठी घडवलेलं इथे चालत नाही. चालूच शकत नाही. दोन यंत्रांची भाषाच वेगळी.

घडवायचे हुकूम एका स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असतात. कोणासाठी बांधायचं, कुठलं सामान घ्यायचं, सगळं तिला सांगावं लागतं. सुनेसाठी तो तीन ठिकाणांचं बांधत होता : डबा, तिचा मोबाइल आणि हा संगणक. म्हणजे एक बिघडलं तर दुसरं हाताशी. स्क्रिप्ट आधी एक इवलासा प्रोग्रॅम घडवून तो या संगणकावर चालतो का ते बघते. डब्याच्या वेळी तो चालत नाही, मग स्क्रिप्टच्या प्रश्नांची उत्तरं मुलाने हाताने लिहून द्यायची. मी आत गेलो तेव्हा तो त्याच पायरीवर होता.

सून पलंगाच्या कडेवर बसली होती. मी तिच्या हातात गोळी ठेवली. मुलाने बटण दाबलं.

स्पीकरमधून आवाज आला, आऽऽ, असा. डॉक्टर जीभ बघतात तेव्हा आपण काढतो तसा. मुलाचा हात तिथेच थांबला.

"हे इथे चालायला नको होतं," तो म्हणाला.

पुन्हा आला. आऽऽ... या वेळी मी ओळखला. सुनेनेही ओळखला, कारण तिने पाय पलंगावर ओढून घेतले. तो हिचा आवाज होता. आणि त्याच्या शेवटी बारीकसा टक्‌ असा आवाज झाला. हिची कवळी सैल होती, तोंड मिटलं की ती वाजायची. पण कॅसेटी तर कवळी बसवण्याच्या कितीतरी आधीच्या होत्या.

मुलाने स्पीकरची वायर काढली. मग बराच वेळ तो खालमानेने स्क्रिप्ट वाचत राहिला. शेवटी त्याला सापडलं, किंवा सापडलं असं तो म्हणाला. सामान कुठून घ्यायचं ते एका जागी लिहायचं राहून गेलं होतं. बाहेरच्यासाठी बांधताना घरचं, म्हणजे या संगणकातलं, बाजूला ठेव, असं स्क्रिप्टला सांगितलं नाही, तर ती घरात हाताला येईल ते उचलते. तिने घरातला जुना आवाज उचलला होता. या धंद्यात ही चूक सगळ्यांकडून होते, म्हणाला. तो प्रोग्रॅम इथे चाललाच कसा, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

सुनेला वेगळंच लागलं होतं. जुना आवाज घरात कसा, असं तिने विचारलं. हिच्या तेराव्यानंतर तो पुसून टाकला, असं मुलाने तिला सांगितलं होतं. मग त्याला कबूल करावं लागलं. त्याने तो ठेवला होता. अधूनमधून ऐकायचा, एकटा असताना. टोमणे नाही, नुसतं काहीबाही लिहून. जेवलास का, असं लिहायचा आणि ऐकायचा.

मला त्याचं वाईट वाटलं. सुनेलाही वाटलं असेल. पण ती तशीच बसून राहिली आणि गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला करून हळूच म्हणाली, "माझा आवाज जाणार, जाऊ दे. पण आईंच्या आवाजात मी पाणीसुद्धा मागणार नाही."

मुलगा म्हणाला, दुरुस्त करतो, तुझ्या डब्यात तो येणार नाही, फक्त या संगणकात राहील. ती म्हणाली, मग मला डबा नको. दोघं माझ्याकडे बघायला लागली. म्हातारा माणूस घरात कशाला असतो, तर अशा वेळी त्याच्याकडे बघायला.

मी म्हटलं, पुसून टाक.

"बाबा, ती एवढीच उरलीय."

"माहीत आहे. म्हणून तर सांगतोय."

तो रागावला. तुमचं काय, तुम्ही तर ती असतानाही दुकानातच बसायचात, असं म्हणाला. खरं होतं. मग त्याने पुसलं. पुसायला काही वेळ लागत नाही, एवढंसं बटण असतं. त्याच वेळी मलमाचा वास असा दाटून आला, जणू कुणी आत्ताच डबी उघडून कपाळाला चोळलंय. सुनेने उठून खिडकी उघडली.

मुलाने आधीचं बांधलेलं सगळं उडवून कोऱ्यापासून पुन्हा बांधायला घेतलं. या वेळी इवलासा प्रोग्रॅम चालला नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. दहावीच्या निकालाला मुलगा नापास होऊन घरी आला होता, तेव्हा मी त्याला चोपला होता. त्या दिवशी नापास बघून मला बरं वाटलं. बाकीचं बिनबोभाट पार पडलं. संगणक बोलला, मोबाइल बोलला, डबा बोलला. सगळीकडे सुनेचाच आवाज, तिचा तो खालच्या पट्टीतला, हळू. तिने स्वतःच लिहिलं, मला राग आला आहे, आणि डबा ते इतक्या गरीब आवाजात बोलला की ती हसली. खरीखुरी, तिच्या गळ्यातून. मी ते लक्षात ठेवलंय.

एकच गोष्ट. काम झाल्यावर स्क्रिप्ट काय काय बांधलं ते दाखवते. मुलगा ते बघत बराच वेळ कानामागे खाजवत बसला. मी विचारलं, काय रे. तो म्हणाला, तीन सांगितली होती, चार बांधलीत. चौथं कोणासाठी, मी विचारलं. त्याने बोट ठेवून दाखवलं. बाकीच्या तिन्हींपुढे यंत्राचं नाव होतं, चौथ्यापुढे जागा कोरी. "बांधून पोचवलं असं म्हणतंय," तो म्हणाला. "पण कुठे...?" शोधलं तर संगणकात काही नव्हतं. ऑपरेशन झालं की बघतो, म्हणाला. नंतर ते बघायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. निदान तसं कुणी बोलून दाखवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. सून घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. डबा आठवडाभर छान चालला. माझ्याशी तर ती पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागली. बाबा, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, शिंपी म्हणवता आणि, असं डब्यातून थट्टेने म्हणायची.

मग एका संध्याकाळी तिने तो बंद करून मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. मुलाने खूप विचारलं. ती पाटीवर लिहायची, नको. एवढंच. त्याला वाटलं, तिला त्याचा राग आलाय. साहेबांना वाटलं, डबा वाईट आहे. मुलाने तो कंपनीत नेऊन तपासला, त्यात काही दोष निघाला नाही. परत आणल्यावर तिने पुन्हा कपाटात ठेवला.

मला कारण परवा कळलं. दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. ती शेंगा सोलत होती, मी तिची ओढणी शिवत होतो, गळा झाकायला तिला मऊ लागते. मुलगा कामावर. घरात आम्ही दोघंच. मागच्या खोलीतून कोणी बोलल्यासारखं आलं. मी सुई थांबवली. तिने शेंगा थांबवल्या नाहीत, नुसती मान खाली घातली, रोज ऐकत असल्यासारखी.

तिचाच आवाज होता. बंद कपाटातून, खालच्या पट्टीत, हळू.

"हो आई."

मग शांत. समोरचं माणूस बोलून होईपर्यंत आपण थांबतो, तेवढं.

"हो आई. चुकलं माझं... आणते."

पुन्हा शांत. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. त्या घशातून आता वाराही जात नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उठून कपाट उघडायला निघालो, तर तिने माझा सदरा धरून ठेवला.

आतून आवाज आला, "बाबा ना? आहेत की. इथेच बसलेत."

या वेळी जास्त वेळ शांत होतं. सून माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होती. नाही, नाही. दोन्ही हातांनी नाही म्हणत होती. मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"बरं आई," तिचा आवाज म्हणाला. "पाठवते."