सतरा नंबरचा वारा

वाराबाईंना सकाळच्या चहाबरोबर भंगार लागायचं. रद्दी नव्हे, भंगार. ऑफिसातल्या एका यादीला त्यांनीच ते नाव ठेवलं होतं.

डोंगराच्या उतारांवर लावलेली तीसेक यंत्रं दर दहा मिनिटांनी हवा, दाब आणि वारा मोजून आकडे पाठवत. ते आकडे, उपग्रहाची चित्रं आणि वाराबाईंनी उभं केलेलं मॉडेल या तिघांचं जमलं की दिवसभराच्या वाऱ्याचा अंदाज निघे. जो आकडा मॉडेलला पटत नसे, तो ते आपणहून बाजूला फेकी. तीच ही भंगार यादी. दुसरं कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. वाराबाई मात्र ओळ न् ओळ वाचत. टाकून दिलेल्यातच खरी गंमत असते, असं त्या म्हणत. इतक्या वर्षांत ती गंमत फक्त दोनदा सापडली, हे काही सांगत नसत.

भंगारातल्या निम्म्या चुका घड्याळाच्या असत. यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर लावायचं असतं. पण लावणारा सवयीने मनगटाकडे बघतो आणि इथली वेळ लावून मोकळा होतो. इथली वेळ भारतासारखी साडेपाच नाही, दोनच तास पुढे; ऑफिसचा संगणक ते दोन तास पुन्हा मिळवतो, त्यामुळे नऊ चाळीसची नोंद अकरा चाळीसची म्हणून येते. जे अजून घडलंच नाही त्याच्यावर मॉडेल बिचारं कसा विश्वास ठेवणार?

सोमवारी नऊ चाळीसला अशीच एक नोंद आली, अकरा चाळीसची. यंत्र नंबर सतरा. वाराबाई "घ्या, आणखी एक मनगटवाला!" म्हणून हसल्या आणि मग त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

सतरा नंबरचं यंत्र रोपवेच्या मधल्या खांबावर होतं. गेल्या वर्षी ते वरून पडलं, त्याच्या वारा पकडणाऱ्या वाट्या चेपल्या, आणि तेव्हापासून बॅटरी काढून ते वाराबाईंच्याच कपाटात ठेवलेलं होतं.

त्या रोपवेवर त्यांचा धाकटा भाऊ मोटर चालवायचा. वरच्या गावाला जायला दुसरा धड रस्ता नव्हता. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं त्या ट्रॉल्यांमधूनच. रोज सातला भावाचा फोन यायचा, "ताई, सोडू का गं माणसं?" मधल्या खांबाखाली दरी होती आणि वारा तिथेच उलटायचा. नेमकं तिथलं डोळस यंत्र गेलेलं. नवं येईल येईल म्हणत वर्ष गेलं. तेव्हापासून वाराबाई रोज अंदाजावरच "सोड" म्हणत.

"जुना निरोप कुठेतरी अडकला असेल," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. तो उपग्रहाची चित्रं बघायचा म्हणून सगळं ऑफिस त्याला 'वरचा' म्हणे. वाराबाईंनी जुन्या नोंदी चाळल्या. असे आकडे कधीच आलेले नव्हते.

मंगळवारी पुन्हा ओळ आली. आता वाराबाई हट्टाला पेटल्या. घड्याळाची चूक असेल, तर आकडे आत्ताचे असणार आणि शेजारच्या सोळा-अठराशी जुळणार. जुळले नाहीत. त्यांनी कागद बाजूला ठेवला. अकरा चाळीसला सोळा आणि अठराचे ताजे आकडे आले, आणि सकाळची ती ओळ दोघांच्या मधोमध अशी बसली की जणू जागा राखून ठेवली होती.

बुधवारी त्यांनी भावाला फोन केला. "मधल्या खांबावर थर्मामीटर आहे ना रे? बरोब्बर अकरा चाळीसला बघून सांग."

"चौदा," अकरा चाळीसला फोन करून भाऊ म्हणाला. "का गं?"

सकाळच्या ओळीत चौदाच होतं.

वाराबाईंनी उठून कपाट उघडलं. यंत्र फडक्यावर होतं तसंच होतं. त्यांनी हात लावला. धातू गार होता, बाहेरच्या हवेत ठेवल्यासारखा गार, आणि चेपलेल्या वाट्यांमध्ये दव होतं. खालचं फडकं कोरडं ठणठणीत.

त्यांनी कपाट लावलं आणि कुलूप घातलं.

गुरुवारी नऊ चाळीसला चौथ्यांदा ओळ आली. तापमान अकरा. दाब उतरलेला. वारा, ताशी एकशे दहा किलोमीटर.

वाराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॉडेल किती म्हणतंय?" वरच्याने मान वळवून विचारलं.

"अठरा. तुझं काय?"

"स्वच्छ. ढगाचा ठिपका नाही. तुम्ही त्या कपाटातल्या डब्याचं ऐकणार आहात की काय?"

"तू गप रे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं तुझं? तिथे माझा भाऊ आहे."

त्या चिडल्या होत्या, पण त्याच्यावर नाही. बावीस मॉडेलं दुरुस्त केलेली बाई, आणि पुरावा काय, तर भंगार! रोपवे बंद करायला लेखी कारण लागे. त्याखाली त्यांची सही जाणार होती. आकडा खोटा निघाला तर पुढे त्यांचा शब्द कुणी धरणार नव्हतं. खरा निघाला आणि त्या गप्प बसल्या तर? त्यांनी फोन उचलला.

"ट्रॉल्या थांबव. आत आहेत ती माणसं उतरव, नवी बसवू नकोस."

"मॉडेल म्हणतंय?"

"नाही."

"मग उपग्रह?"

"नाही."

"मग म्हणतंय कोण, ताई?"

"मी म्हणतेय."

भाऊ म्हणाला, "बरं. थांबवतो."

वाराबाईंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'स्थानिक निरीक्षण'. सही केली.

अकरा वाजले. काही नाही.

साडेअकरा. वरचा उगाचच पेन्सिलीला टोक करत होता.

अकरा अडतीस.

अकरा चाळीसला सोळा नंबरचा आकडा उडाला. मग अठराचा. पडद्यावरची रेघ भिंतीसारखी उभी राहिली.

"बाप रे," वरचा एवढंच म्हणाला.

मग फोन लागेना. एक तास, दोन तास. वाराबाई खुर्चीत बसून होत्या. देवाला मानत नव्हत्या, तरी ओठ हलत होते.

दोन वाजता फोन वाजला.

"ताई!" भावाचा आवाज फुटला. "सगळे ठीक आहेत. एकाला ओरखडा नाही. दहा नंबरची ट्रॉली खांबावर आपटून डब्यासारखी चेपली, पण रिकामी होती. वाचवलंस गं तू."

वाराबाई रडायलाच लागल्या. वरच्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पाठ फिरवली. त्याचेही डोळे ओले होते. कितीतरी दिवसांनी वाराबाईंचा जीव भांड्यात पडला होता. उद्या सही करून सतराची ओळ भंगारातून काढायची, त्यांनी मनाशी ठरवलं.

"आणि तो दुसरा फोन केलास ना," भाऊ सांगत होता, "त्याने तर कमाल झाली. नऊ नंबरमध्ये मेकॅनिक खाली वाकून दार दुरुस्त करत होता. बाहेरून दिसायचा कसा? आम्ही समजलो, गाड्या रिकाम्या. मोटर बंद केली, तेव्हा तो नेमका मधल्या खांबाशी लटकलेला. तू सांगितलंस म्हणून पुन्हा चालू करून त्याला आणला. त्याची बायको तुझं नाव घेतेय सारखी."

वाराबाईंनी डोळे पुसले. "कधी केला मी दुसरा फोन?"

"अगं, पावणेअकराला. 'नऊ नंबर आण, आत माणूस आहे, मला इथून दिसतोय.' तुझाच आवाज. मी ओळखणार नाही का?"

वाराबाईंनी त्या दिवशी एकच फोन केला होता.

"पण काय गं," भाऊ हसत म्हणाला, "आमच्याकडे तेव्हा पान हलत नव्हतं आणि तुझ्याकडे केवढा तो सोसाट्याचा वारा! शब्द कळेना. खिडकी तरी लावायचीस."

वाराबाईंनी नजर कपाटाकडे वळवली. तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या वेळी लावेन."