चाळिसावा तास

किल्ली ठेव तिथे टेबलावर. शिकाऊ परवाना हातात येऊन चार दिवस झाले नाहीत आणि भाचेबुवा रात्री एकटे गाडी घेऊन दूध आणायला निघाले. दूध सकाळी येईल. बस. पोरींनो, तुम्हीही बसा. ही गोष्ट मी परवाना कचेरीत कारकून होतो तेव्हाची, आणि घडली ती आमच्या साहेबांच्या बाबतीत. ते खोटं बोलणारे नव्हते. उलट सगळं जग आपल्याशी खोटं बोलतं, असं मानणारे होते.

आम्ही त्यांना भिंगसाहेब म्हणायचो. गाडी चालवण्याची चाचणी घ्यायचं त्यांचं काम. खणात एक भिंग असायचं आणि कुणाचीही सही समोर आली की ते आधी बाहेर यायचं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात; आमचे साहेब पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

नियम तेव्हाही कडकच होता. शिकाऊ माणसानं चाळीस तास गाडी चालवायची, त्यातले दहा अंधार पडल्यावर, आणि शेजारी परवाना असलेला माणूस बसलेला हवा. प्रत्येक तासाची वहीत नोंद, खाली शेजारच्याची सही. एकट्यानं चालवताना सापडला की दोन वर्षं परवान्याचं नाव काढायचं नाही.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार होता. दुपारी साडेतीनला विशीतली एक मुलगी वही घेऊन आली. एकोणचाळीस तास भरले होते. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे, तीस किलोमीटरवर, आणि परतताना शेवटची बस निघून गेलेली असे. त्या आजारी बाईनं थांब्यावरच्या बाकड्यावर किती रात्री काढल्या होत्या, ते मुलगी सांगत होती. तिला चाचणीची तारीख हवी होती.

साहेब वहीतले शेरे वाचत होते. ‘क्लच सोडायची घाई.’ ‘आरसा शोभेला बसवलेला नाही.’ ‘वळणावर बरी.’ सगळे तिच्या वडिलांचे, तीस वर्षं टँकर चालवलेल्या माणसाचे. साहेबांना हसू आलं. मग सहीखालचा परवान्याचा नंबर पाहून ते थांबले आणि मला जुनी फाईल काढायला सांगितली. तो परवाना ऑगस्टमध्येच रद्द झाला होता. मृत्यूचा दाखला मीच फायलीला लावला होता. वहीतले शेवटचे नऊ तास मात्र ऑक्टोबरातले होते, सगळे रात्री नऊ ते दहाचे.

“या सह्या कोण करतं?”

“बाबा.”

“बाबा कधी गेले तुझे?”

मुलीनं वहीकडे बघितलं.

“म्हणजे एकटीच चालवतेस.”

“नाही साहेब. एकटी कधीच नाही.”

भिंग फिरलं. अक्षर तेच, सहीचा झोकही तोच. यात काहीतरी काळंबेरं आहे, कुणीतरी काका नाहीतर मित्र खोट्या सह्या ठोकतोय, असं साहेबांनी ताडलं. वही त्यांनी लोखंडी कपाटात ठेवायला लावली. कुलूप मी घातलं, किल्ली त्यांनी खिशात टाकली.

“एकच तास राहिलाय साहेब,” मुलगी म्हणाली. “आज रात्रीचा.”

“वही माझ्याकडे आहे. आता तास कसला?”

“ते वेळ चुकवत नाहीत.”

“ते म्हणजे कोण?”

ती वळून निघून गेली. साहेबांना तेवढं पुरे होतं.

रात्री पावणेनऊला साहेब तिच्या घरासमोर, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे. मुद्देमालासकट पकडायचं, हाच विचार. बरोबर नऊला मुलगी बाहेर आली. तिनं गाडीच्या शेजारच्या सीटचं दार उघडलं. आणि थांबली. एखाद्या उंच माणसाला वाकून आत बसायला लागतो, तेवढा वेळ. मग दार हलकेच लावून ती चालवायला बसली.

साहेब धावतच गेले. तिनं काच खाली केली. घाबरलेली दिसली नाही.

“मागे बसा साहेब.”

“परीक्षक पुढे बसतो.”

त्यांनी दार उघडलं. सीट पार मागे सरकवलेली, रिकामी. पण पट्टा लावलेला होता. त्यांनी खटका दाबला. सुटेना. पुन्हा दाबला, अंगठा दुखेपर्यंत.

“जाम झालाय,” ते म्हणाले. मुलीनं गाडी सुरू केली.

चरफडत ते मागे बसले, दार धाडकन ओढलं. “चल. तुझा सह्या करणारा जिथे भेटतो, तिथे ने.”

गाव मागे पडलं. रस्त्यावर दिवे नव्हते. पोरगी चालवत होती मात्र सुरेख. फाटा आला की मान किंचित हलवायची... कुणी काही सांगितल्यासारखी. साहेब दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकून तिच्यावर नजर ठेवून होते.

साडेनऊ. कालव्याचं वळण.

रस्ता मोकळा होता. तिनं वेग कमी केला.

“का गं?”

...

“कुणी सांगितलं तुला?”

...

मग ब्रेक.

साहेबांचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. समोर, चार हातांवर, बिनदिव्याचा ट्रक. रस्त्याच्या मधोमध.

पण साहेब ट्रककडे बघत नव्हते. ते पट्टा बघत होते. शेजारच्या सीटचा. तो ताणला होता. सीटपासून वीतभर पुढे. माणूस पुढे झेपावला की ताणतो, तसा... आणि सीटवर कुणी नाही.

मग तो हळूच मागे गेला. कुणी पुन्हा टेकून बसावं, तसा.

तिथून गाडी परत वळली. साहेब घाबरले होते. तसं त्यांनी मला सरळ सांगितलं. दहाला गाडी घरासमोर थांबली. मुलीनं उतरून शेजारचं दार उघडलं, आणि थांबली. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही.

सकाळी ते माझ्याआधी कचेरीत आलेले. कपाळावर टेंगूळ.

“कुलूप ओढून बघितलं होतंस?”

“हो साहेब.”

किल्ली रात्रभर त्यांच्या उशाखाली होती. कपाट माझ्यासमोर उघडलं. वही ठेवली तिथेच होती. शेवटचं पान त्यांनी उघडलं, दोनदा वाचलं. भिंग काही बाहेर काढलं नाही.

“शुक्रवारची तारीख दे तिला,” म्हणाले, आणि वही माझ्याकडे सरकवली.

शिक्का मारायचा म्हणून मी पान पाहिलं. मंगळवार, रात्री नऊ ते दहा. तास चाळिसावा. खाली तीच सही. आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी.

‘पोरगी तयार आहे.

मागे बसलेल्याने पट्टा लावला नव्हता.’